देव न मानणाऱ्याने ज्ञानेश्वरी कशाला वाचायची?

खटावकर_पोरगा

साताऱ्यात हॉस्टेलला राहतो, बीएचं शेवटचं वर्ष. आमचा एक छोटा विवेकवादी अभ्यासगट आहे, रविवारी बसतो. यंदा नव्याने आलेल्या पोरांसाठी वाचनाची यादी करायला घेतली आणि तिथेच वाजलं. एक बाजू म्हणते, धर्माचं एकही पुस्तक नको. आगरकर, दाभोलकर, राज्यघटना, उत्क्रांतीवर एखादं सोपं पुस्तक, एवढं बास. मी म्हणतो, निम्मी यादी धर्माच्या पुस्तकांची हवी. आणि ती खोडून काढायच्या तयारीने वाचायची नाहीत.

देव मी मानत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी आशेवर राहायला नको. अकरावीत आगरकर हाती लागले. टेंभू म्हणजे शेजारच्या कराड तालुक्यातलं गाव. तिथला गरिबाघरचा पोरगा रूढीला जाब विचारतो, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली बघतो आणि तरी लिहितच राहतो. त्या वयात यापेक्षा भारी काय असणार? नंतर बराच काळ मी घरच्या सत्यनारायणाच्या प्रसादालाही हात लावला नाही. (शिरा आईच्या हातचा असायचा. त्याग लक्षात घ्या.)

कॉलेजात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाचले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकलेला माणूस, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाकडे, म्हणजे देवाऐवजी माणसाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विचाराकडे, गेला. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींच्या बाजूने त्यांनी सनातन्यांशी वाद घातला, तो शास्त्रांतूनच. त्यांची धर्मटीका झोंबते, कारण समोरच्याच्या घरातला कोनाडा न् कोनाडा त्यांना माहीत आहे.

मग फुले. मूळ गाव कटगुण, आमच्याच खटाव तालुक्यातलं. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी अर्धांगवायू झाल्यावर डाव्या हाताने लिहिलं, छापून आलं ते गेल्यानंतर, 1891 मध्ये. त्यात एक घर आहे. बाई बौद्ध पुस्तक वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, आणि मुलगा हेच पुस्तक वाचून सत्यधर्मी. चौघांनी एका छपराखाली प्रेमाने राहायचं. या घरात प्रत्येकाने काहीतरी वाचून ठरवलंय! जन्माने मिळालं म्हणून कोणीच काही धरून बसलेलं नाही. विवेकवाद्याने चारही पुस्तकं वाचल्याशिवाय या घरात पाय ठेवू नये, असं माझं मत होत चाललंय. बोला.

पोवईनाका

तळमळ पोचली. पण यादी कोणासाठी आहे हे विसरलास बघ. पहिल्या वर्षाला येणारा पोरगा माण, जावळी, पाटणच्या वाड्यावस्त्यांवरून येतो. त्यात परीक्षा, त्यात कमवा आणि शिका. अभ्यासाबाहेरची चार पुस्तकं वाचली तरी खूप. त्यातली दोन तू पोथ्यांना देणार? पोथी त्याने सप्ताहात लहानपणापासून ऐकलीय. त्याला न मिळालेलं वेगळंच आहे.

साप घे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखायचं कसं, चावल्यावर भगताकडे न नेता सरळ दवाखाना का गाठायचा, हे किती जणांना सांगता येतं? 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत 12 बाबी आहेत. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यातला एक गुन्हा. तुमच्या गटात कोणी ती अनुसूची वाचलीय का?

मांढरदेवच्या यात्रेतली चेंगराचेंगरी आठव. 25 जानेवारी 2005, जवळपास 300 माणसं गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, वर दुकानांना लागलेली आग. हे समजून घ्यायला एकही ओवी लागत नाही.

आणि तर्कतीर्थांचं उदाहरण तुझ्यावरच उलटतं. त्यांना पाठशाळेचं दार उघडं होतं. ज्यांना नव्हतं त्यांनी काय करायचं, टीका करायला आधी संस्कृत शिकायचं?

तरडगावकर

आमच्या गावाजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं, तेव्हा माझी बाजू सांगायला नको. रामकृष्णहरी.

मला दोन्हीकडचं पटत नाही. हा पोरगा ज्ञानेश्वरी 'अभ्यासाला' घेणार म्हणे. आमच्याकडे एका ओवीवर बुवा तासभर बोलतात. ऐकणाऱ्या म्हातारीने शाळेचं तोंड पाहिलेलं नसतं, पण दृष्टांत चुकला की तिच्या कपाळावर आठी येते. तिचं वाचन यादीत कुठं बसवणार? तुम्ही एका सत्रात ग्रंथ उरकाल आणि 'आम्ही धर्म वाचला' म्हणून मोकळे व्हाल. त्यापेक्षा न वाचलेला बरा.

कायद्याचं निघालंच आहे तर बोलतो. हा कायदा आला की वारी बंद होणार, अशी आवई आमच्या भागात उठली होती. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन हे सगळं त्यात नावानिशी वगळलंय. ते आमच्या पारावर येऊन सांगायला तुमच्यातलं कोण आलं? पत्रकं मात्र शहरात वाटलीत.

पोवईनाका

@तरडगावकर माउली, सांगत होतो. देवाधर्माला विरोध नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे दाभोलकर वर्षानुवर्षं गावोगावच्या सभांत सांगत फिरले. साताऱ्यातली डॉक्टरकी सोडून फिरले. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांना पुण्यात गोळ्या घातल्या, त्यानंतर तो कायदा आला. आमच्या पारावर या म्हणणं सोपं आहे.

तरडगावकर

त्यांच्या खुनाचं समर्थन मी करणार नाही, आमच्या फडावरही कोणी केलेलं मी ऐकलं नाही. पण तुमच्या सभेला कोण येत होतं? आधीच पटलेली माणसं. एवढंच म्हणतोय.

कोयनाकाठ

कोणाचं पुस्तक ठेवायचं यावर पुरुषमंडळी तावातावाने भांडताहेत, छान चाललंय. यादीतलं एक तरी नाव बाईचं आहे का?

मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापला गेला. तिचं म्हणणं असं, की वेद ब्राह्मणांचेच आणि आम्हाला ते बघायचाही अधिकार नाही, तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत, म्हणजे आम्हाला धर्मच नाही. मग आमचा धर्म कोणता, ते देवा तूच सांग. खटावकर, तू म्हणतोस चार पुस्तकं वाचल्याशिवाय पाय ठेवू नये. हिला एकही वाचू दिलं नव्हतं, आणि त्या काळात धर्मावर इतका नेमका सवाल दुसऱ्या कोणी केल्याचं मला तरी आठवत नाही. तिला तुझ्या घरात घेणार का बाहेर उभी करणार?

तो निबंध चार-पाच पानांत संपतो. वेळ नसल्याची सबबही मिटली.

बुधल्या_सातारकर

काय राव, आमच्या हॉस्टेलात पोरं मेसच्या भाजीवरनं भांडायची. तुमच्यात ज्ञानेश्वरीवरनं भांडत्यात, व्हय? चालूद्या, चालूद्या. म्या आपला पेढं घिऊन बसतो.

ठोसेघर

खटावकरने फुल्यांचं घर मोठ्या हौसेने दाखवलं, पण एक गोष्ट अलगद टाळली. त्या घरात नास्तिक कोणीच नाही. चौघंही निर्मिकाची लेकरं म्हणून एकत्र राहतात. फुल्यांनी भट-मध्यस्थ काढून टाकला, निर्माता नाही काढला. तुला तो मान्य नाही, मग त्या घराचा तुला काय उपयोग? हवं तेवढंच उचलायचं, ही तर कीर्तनकारांचीही सवय आहे.

मोती_चौक

आमच्या घरातून एक सूचना. धर्माची पुस्तकं ठेवायची तर सगळ्यांची ठेवा. आमच्या धर्माबद्दल चारचौघांत बोलणाऱ्या किती विवेकवाद्यांनी कुराणाचं मराठी भाषांतर उघडून बघितलंय? मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव घ्यायला सगळे पुढे. 1966 मध्ये त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. त्या सात जणींना काय हवं होतं, हे विचारलं की गप्प.

खटावकर_पोरगा

@कोयनाकाठ ताई, मुक्ता साळवे पहिल्या रविवारी. वादच नाही. माझी 'चार पुस्तकांची' अट तिला लागू होत नाही, खरंय. माझा रोख तिच्यावर नव्हता. ज्यांना सगळं वाचायला मिळतं आणि जे तरीही न वाचता हसतात, त्यांच्यावर होता. आमच्या गटात असे आहेत. चमत्काराचं प्रात्यक्षिक करताना गावातली म्हातारी बघत असते आणि आमचा एखादा गडी तिच्याकडे बघून दात काढतो. त्याने काय वाचलंय? पाठ केलेली पंधरा वाक्यं. त्या पोराला मी विवेकवादी म्हणायला तयार नाही, देव न मानणं एवढीच त्याची कमाई आहे.

@ठोसेघर टाळलं नाही, अडलोय. निर्मिक मी मानत नाही आणि फुल्यांनाही सोडत नाही. आज इतकंच म्हणतो, की जो माणूस एका छपराखाली चार धर्म नांदवतो, तो पाचव्याला धर्म नाही म्हणून हाकलेल असं मला वाटत नाही. तुम्हाला तसं दिसत असेल तर मजकूर काढून दाखवा.

@पोवईनाका काका, सापांचं आणि अनुसूचीचं यादीत घेतो. पण पोथी ऐकलीय म्हणून वाचायला नको, हे नाही पटत. ऐकताना मध्ये थांबून प्रश्न विचारता येत नाही.

आणि अख्खा ग्रंथ नको, एकच अध्याय घेऊ. माउली, तुम्ही हॉस्टेलला येऊन सांगाल का? पोरं प्रश्न विचारतील, तिरकेही विचारतील.

तरडगावकर

वारी उरकली की येतो. बारावा घ्या. छोटा आहे, पोरं पेंगणार नाहीत.

पोवईनाका

बारावा भक्तियोगाचा, त्यात वाद कशावर घालणार? तेरावा घ्या. अहिंसेवरच्या ओव्या आहेत. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारायचे आणि त्यालाच अहिंसा म्हणायचं, याचा ज्ञानदेवांनी चांगलाच समाचार घेतलाय. फांद्या तोडून झाडालाच कुंपण घालावं तसं आहे म्हणतात.

तरडगावकर

अहो, तुम्ही वाचलीय की!

पोवईनाका

वाचलीय म्हणूनच सांगतोय, फार वेळ जातो. तेरावा अध्याय लांबलचक आहे, फक्त अहिंसेपुरता घ्या. आणि त्याच्या आधीचा रविवार सापांना.