क्रीमी चिकन पास्ता, पण खिशाला परवडणारा: तुमचे अनुभव सांगा

ठाण्यातून लिहितेय. घरात दोन वाढत्या वयाची मुलं, त्यामुळे महिन्यातून दोनदा चिकन पास्त्याची फर्माईश ठरलेली. बोनलेस, क्रीम, चीज, बटर असं सगळं आणलं की एका रात्रीत आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात. म्हणून क्रीम बंद करून व्हाइट सॉसवर आले: दोन मोठे चमचे बटर, तेवढाच मैदा, अर्धा लिटर दूध. चौघांना पुरतं, पण चव दुधाळ आणि सपक लागते. तुम्ही कसं करता? फसलेले प्रयोगही सांगा.

नाशिक
ताई, आधी बोनलेस सोडा. मी पाऊण किलो लेग पीस आणते. कांद्याची फोड, चार मिरी, तमालपत्र, मीठ आणि बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर झाकून अर्धा तास शिजवते. एकदा घाईत कुकर लावला तर मांसाचा पार भुगा झाला, तेव्हापासून पातेलंच. निवलं की हाताने मांस सोडवायचं आणि हाडं त्याच पाण्यात परत वीस मिनिटं उकळायची. मग सॉसला पाव लिटर दूध आणि पाव लिटर हे पाणी. तुमचा सपकपणा इथेच जाईल, कारण चव हाडात असते आणि बोनलेसमध्ये आपण जास्त पैसे देऊन नेमकी तीच दुकानात सोडून येतो. मैदा बटरमध्ये दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलायला नको. पातेलं खाली उतरवून थंड दूध थोडं थोडं घाला आणि ताकाच्या रवीने घुसळा. गुठळी राहत नाही.

कोल्हापूर
आमच्याकडे लोण्यासाठी साय साठवतात. त्यातली अर्धी वाटी मी पास्त्याला मागून घेते. पण ताजीच हवी, चार दिवसांची आंबूस लागते. चमच्याने फेटायची, मिक्सरमध्ये लोणी सुटतं. गॅस बंद केल्यावरच घालायची, उकळली तर तूप वर तरंगतं.

आखेन, जर्मनी
इथे शिकायला आलोय, आठवड्याचा खर्च वहीत लिहितो. माझं गणित उलटं आहे: पास्ता आणि क्रीम स्वस्त, चिकन ब्रेस्ट महाग. त्यामुळे मीही तंगडीवरच आलो. शिकलो ते पास्त्याच्या पाण्याबद्दल. पास्ता गाळण्याआधी कपभर पाणी काढून ठेवतो. त्यात पिठूळपणा उतरलेला असतो, त्याने सॉस पास्त्याला धरून राहतो आणि क्रीम निम्मंच लागतं. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी पास्ता काढायचा आणि उरलेला एक मिनिट सॉसमध्ये शिजवायचा.

सोलापूर
मी क्रीमऐवजी दही घातलं. फाटलं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. चिकन वाया गेल्याचं फार वाईट वाटलं.

नाशिक
सोलापूरकर, कढीला आपण दह्यात बेसन घुसळतो ना, तसं इथे चमचाभर मैदा घुसळून घ्या. दही गार नको, आणि आच मंद.

पुणे
एक भर घालतो. पास्त्यात पैसे वाचवू नका. मी सुटा, मैद्याचा आणला आणि सॉसमध्ये त्याचा लगदा झाला. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला बघून घ्या, थोडा महाग पडतो पण टिकतो. आणि श्रीखंडाला आणलेलं जायफळ घरात असतं, ते चिमूटभर किसून घाला. दुधाळ वास जातो.

ठाणे
काल केला. 300 ग्रॅम पास्ता, लेग पीस, हाडांचं पाणी, जायफळ. चीज घातलंच नाही आणि कोणी विचारलंही नाही. थोडा उरला होता, तो सकाळी गोळा झाला होता. दोन चमचे दूध घालून मंद आचेवर सैल केला, धाकटीने डब्यात नेला. हाडांचं पाणीही वाटीभर उरलंय, आज त्यात भात टाकतेय.