मदत हवी आहे: आनंदीबाई जोशींच्या कार्पेंटरमावशींचं माहेर कसं शोधू?

नमस्कार मंडळी, जरा वेगळाच प्रश्न आहे. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या तेव्हा न्यू जर्सीत रोझेलला ज्यांच्या घरी उतरल्या त्या कार्पेंटरबाई तुम्हाला माहीत असतीलच, दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या असताना मासिकात गोपाळरावांचं (आनंदीबाईंच्या यजमानांचं) पत्र वाचलं आणि ना ओळख ना पाळख, सरळ हिंदुस्थानात पत्र टाकलं. मी एडिसनला राहते, रोझेल इथून जवळच आहे. परवा लेकीला ही गोष्ट रंगवून सांगत होते तर ती म्हणे, पण त्या मावशीची आई कोण? झालं, माझी बोलती बंद.

आतापर्यंत हाती एवढंच आहे की नाव थिओडिशिया, माहेरचं आडनाव ई-आय-जी-एच-एम-आय-ई (उच्चार कसा करतात देव जाणे), आणि आनंदीबाई १८८७ मध्ये पुण्यात वारल्यावर त्यांच्या अस्थी या बाईंनी न्यूयॉर्क राज्यात पुकिप्सीला आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरून वर दगड उभारला. म्हणजे माहेर त्याच बाजूचं, डचेस काउंटीतलं असावं असा माझा अंदाज. अडचण अशी की १८५० च्या आधीच्या शिरगणतीत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव, बाकी बायकापोरं म्हणजे नुसते आकडे! १८९० ची बहुतेक सगळी जळून गेलेली. आणि नावाचं स्पेलिंग तर प्रत्येक कारकुनाने आपापल्या मर्जीने केलेलं. कुणी असं काही शोधलंय का? कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १:
ताई, स्पेलिंगच्या मागे लागू नका, कानाला जे ऐकू येईल ते सगळं टाकून बघा. फॅमिलीसर्च ही जुन्या नोंदी शोधायची वेबसाइट फुकट आहे. न्यूयॉर्कची स्वतःची १८५५ ची शिरगणती असते, त्यात जन्म कुठल्या काउंटीत झाला तेही लिहितात, केंद्राच्या शिरगणतीत फक्त राज्य मिळतं. १८८० ची पण बघा, आईवडील कुठे जन्मले ते त्यात आहे, पण नावं नाहीत हां. खरं घबाड मृत्युपत्रात. बाप मुलीला वाटा देताना बहुतेक वेळा "माझी मुलगी अमुक, तमुकची बायको" असं लिहून ठेवतो, माहेर-सासर एका ओळीत जुळतं. डचेस काउंटीच्या सरोगेट कोर्टात (मृत्युपत्रं-वारसा बघणारं कोर्ट) असतात ती.

प्रतिसाद २:
दफनभूमीच्या ऑफिसात विचारलंत का? जागा मुळात कुणी विकत घेतली आणि तिथे आणखी कोण कोण पुरलंय, याची नोंद त्यांच्याकडे असते. आजूबाजूचे दगडही वाचा, आईबाप तिथेच निघायचे.

मूळ प्रश्नकर्ती:
अरे हो, हे डोक्यातच आलं नाही, मी नुसता आनंदीबाईंच्या दगडाचाच फोटो शोधत बसले होते. शनिवारी लेकीला घेऊन पुकिप्सीला जाते, शेजारच्या दगडांचे फोटो इथेच टाकते. मृत्युपत्रातलं ते जुनं वळणदार अक्षर वाचता येणारं कुणी आहे का पण?