काबूलची इमारत आणि पोर्तुगालचा पक्ष

'बाहेरच्यांच्या पैशाने लोकशाही उभी राहत नाही, काबूलच बघा' असा मुद्दा या चर्चेत मांडला गेलाय, तो मला अर्धाच पटतो. काबूलची संसद भारताने बांधून दिली, डिसेंबर २०१५ मध्ये उद्घाटन झालं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यानंतर तिथे लोकांनी निवडलेलं सभागृहच उरलं नाही. फार वाईट वाटतं ते आठवून. पण इमारत बांधून देणं वेगळं आणि पक्ष उभा राहायला हात देणं वेगळं.

पोर्तुगालचं उदाहरण इथे कुणी दिलेलं नाही. हुकूमशाही असतानाच, एप्रिल १९७३ मध्ये, हुकूमशाहीविरोधी नेते मारिओ सोआरेश आणि देशाबाहेर राहावं लागलेले त्यांचे सहकारी पश्चिम जर्मनीतल्या बाड म्युन्स्टरआयफेल या गावात जमले आणि तिथे समाजवादी पक्ष स्थापन झाला. मदत होती फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानची, म्हणजे जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाशी जोडलेल्या संस्थेची. एप्रिल १९७४ मध्ये हुकूमशाही कोसळली. एप्रिल १९७५ च्या संविधानसभेच्या निवडणुकीत ९० टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि हाच पक्ष पहिला आला. माणसं, विचार, जोखीम सगळं पोर्तुगीजांचं होतं. जर्मनांनी आधार दिला.