मदत हवी आहे: फ्लॅटचा भाव पडला तर वेरा (घरपट्टी) कमी होतो का?

नमस्कार मंडळी, बडोद्यातल्या कोणाला वेराबिलातलं कळतं का? दांडिया बाजारला आईचा जुना फ्लॅट आहे, विकायला काढला तर दलाल तीन वर्षांपूर्वीपेक्षा चार लाख कमी सांगतोय आणि वेरा मात्र जिथल्या तिथे. भाऊ कॅलिफोर्नियात असतो, तो म्हणतो अर्ज टाक, कारण तिकडे 1 जानेवारीचा बाजारभाव नोंदलेल्या किमतीच्या खाली गेला तर 1978 च्या प्रपोझिशन 8 या तिथल्या कायद्यामुळे टॅक्सची किंमत तात्पुरती उतरवतात (भाव चढला की परत वर, फुकट काही नाही). मी म्हटलं बाबा रे, इथे वेरा भावावर नाहीच, कार्पेट एरियावर आहे, त्याला ठिकाण, बिल्डिंगचं वय, वापर आणि मालक राहतो की भाडेकरू यांचे गुणक. जंत्री (जागेचा सरकारी दर) 2023 ला वाढली ती दस्तावेजाच्या स्टॅम्प ड्यूटीसाठी, ते वेगळं.

पण त्या निमित्ताने चष्मा लावून बिल वाचलं तर त्यात अजून भाडेकरूच! तो जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, आता आईच राहते, आम्ही कळवलंच नाही, चूक आमचीच. शिवाय बाबांच्या जुन्या टेपने मोजलं तर बाल्कनी सोडून 512 चौरस फूट भरतं, बिलात 54 चौरस मीटर, म्हणजे 581 फूट.

तर कोणी भाडेकरूचं मालक करून घेतलंय का? लाईट बिल चालतं की अजून काही मागतात? मोजणीला माणूस येतो का? आणि बाल्कनी धरतात का हो?