वाचनालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये चित्रावरून विषय शोधायची सोय कोणी केलीय का?

कपाट_क्रमांक_सात
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ‘क’ वर्गाचं वाचनालय पाहतो मी. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर टाकलं, नोंदी करता करता अख्खा उन्हाळा गेला, आता एक कॉम्प्युटर वाचकांसाठी ठेवला तं त्याले कोणी हात लावून नाही राहिलं. परवा एक बुवा आले, पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचं पुस्तक पायजे म्हणे. मी म्हटलं टाका तिथं. एका बोटानं शोधून शोधून त्यांनी ‘पऱ्हाटी’ टाकलं अन् उत्तर काय आलं, शून्य! पुस्तकं तं चार हायेत, पण मी विषय लिहिला ‘कापूस’. बुवा म्हणे, तुमच्या डब्ब्यापेक्षा तुमीच बरे. म्हणून शब्दांच्या जागी चित्रंच लावावी म्हणतो. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायची ड्यूई पद्धत हाय, तिच्या दहा वर्गांची दहा चित्रं एका पोराकडून काढून बी घेतली. जमेल का?

ग्रंथताई_वर्धा
भाऊ, दहा वर्गांची चित्रं नका लावू, ही चूक मी करून बसली आहे. 100 म्हणजे तत्त्वज्ञान, त्याचं चित्र काय काढणार? आम्ही कपाळाले हात लावून बसलेला माणूस काढला, पोरं म्हणे ताई ही डोकेदुखीची पुस्तकं का. ड्यूई फळीवर पुस्तक ठेवायले बरा, पण तुमचा कापूसच पाहा ना, लागवड 633 मध्ये, कापड 677 मध्ये अन् शेतमालाचं अर्थकारण 338 मध्ये, म्हणजे एकच पीक तीन कपाटांत गेलं. वाचकाच्या डोक्यात ते एकच आहे. म्हणून पहिल्या पानावर बोंडाचा फोटो ठेवा, तो दाबला की पेरणी, कीड, जिनिंग, भाव असे चार फोटो उघडावे, अन् प्रत्येकाच्या मागं तयार सर्चची लिंक द्या. पहिल्या पानावर सात-आठच्या वर नको. आमच्याकडे कापूस, संत्रा, शेळ्या, पोलिसभरती अन् कादंबऱ्या यांवरच निम्म्याच्या वर बोटं पडतात. अन् फोटो आपल्या वावरातलेच काढा, नेटवरची गुळगुळीत चित्रं लोकायले ओळखू येत नाहीत.

मार्क_एकवीस
ताई म्हणतात ते बरोबर, पण फोटोच्या मागं नोंदी नीट नसल्या तर फोटो दाबूनही शून्यच येणार. आधी ऑथॉरिटी रेकॉर्ड, म्हणजे विषयाच्या ठरलेल्या नावाची नोंद करा: तिच्या 150 नंबरच्या रकान्यात मुख्य नाव ‘कापूस’, 450 मध्ये पर्यायी नावं ‘पऱ्हाटी’, ‘कपाशी’, ‘सरकी’ जे जे लोक बोलतात ते सगळं (सरकी म्हणजे खरं तर बी, पण लोक सरकी लावली असंच म्हणतात, चालू द्या), आणि 550 मध्ये ‘बोंडअळी’सारखे जवळचे विषय. मग पुस्तकाच्या नोंदीतल्या 650 या विषयाच्या रकान्याला ते रेकॉर्ड जोडायचं, कोहातली ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ (पर्यायी नावांवरूनही शोध) ही सेटिंग चालू करायची आणि परत इंडेक्स, म्हणजे शोधाची यादी नव्यानं तयार करायची. म्हणजे बुवांनी पऱ्हाटी टाकलं तरी कापसाची पुस्तकं येतील. अजून एक गंमत, ‘ऱ्ह’ दोन तऱ्हेनं टाइप होतो, दिसायला सेम पण युनिकोड वेगळा, त्यामुळे 450 मध्ये दोन्ही टाका नाहीतर पुन्हा शून्य.

झाडीपट्टीचा
माझं थोडं उलट मत. कोणी विषयांचा क्लाउड, म्हणजे विषयांच्या शब्दांचा पुंजका, लावा सांगेल, लावू नका. त्यात ज्या विषयाची पुस्तकं जास्त तो शब्द मोठा दिसते, आमच्याकडे ‘कादंबरी’ एवढी मोठी झाली का ‘धान’ शोधाले चष्मा लागे. वाचकाले काय पायजे ते त्यातून कळतच नाही. अन् आमच्याकडे लाइट चारदा जाते, म्हणून तेच फोटो छापून भिंतीवर लावले, खाली कपाट नंबर. स्पर्धा परीक्षेची पोरं मात्र चित्राले विचारत नाहीत, त्यायले सर्च बॉक्सच पायजे, तो वरच राहू द्या. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्येच सांगून ठेवलं, वाचकाचा वेळ वाचवा, मग तो पडद्यावर वाचो का भिंतीवर.

कपाट_क्रमांक_सात
लय उपकार. दहा चित्रं रद्द, पोरगा थोडा रुसला. आज 450 मध्ये पऱ्हाटी टाकून इंडेक्स केलं तं चारही पुस्तकं आली बाप्पा! उद्या वावरात जाऊन बोंडाचा फोटो काढतो. अळीचा मात्र बुवालेच मागतो, त्यांच्याकडे भरपूर हाय.