फॉस्फरसचा यात संबंध नाही

रात्री समुद्राच्या लाटा निळ्या चमकतात, त्याबद्दल कुणीतरी म्हटलंय की सांडपाण्यातला फॉस्फरस चमकतो. सांडपाण्यातलं खत समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवांच्या वाढीला हातभार लावत असेलही, पण उजेड त्याचा नाही. तो नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाचा. लाट फुटली, पाय पडला, वल्हं फिरलं की पेशीला धक्का बसतो आणि आतल्या ल्युसिफेरिन या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन क्षणभर निळी ठिणगी पडते. पाणी शांत असेल तर काळोखच.

एका हिवाळ्यात जुहूला हा प्रकार दिसला तेव्हा मी बिसलेरीच्या बाटलीत पाणी भरून घरी आणलं (बायकोने कपाळाला हात लावला). बाथरूमचा दिवा घालवून हलवलं, तर पहिल्या दोन-तीन झटक्यांना झकास निळं, मग मंद, मग काहीच नाही. मेले वाटलं. अर्ध्या तासाने पुन्हा हलवलं तर परत चमकले! साठा संपतो, विश्रांती मिळाली की भरतो. सकाळी पाहिलं तर राजगिऱ्याहून बारीक, पारदर्शक दाणे बाटलीच्या गळ्याशी तरंगत होते. त्यांच्या पोटातला द्रव समुद्राच्या पाण्याहून हलका असतो, म्हणून ते वर येतात.

बघायला जाणार असाल तर अमावास्येच्या आसपास जा, आणि मोबाइल खिशात ठेवून दहा-पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या.