वेगळी गाडी घेऊन रस्त्यावर आलात, तर लोकांशी बोलायला हवं. पटतं का?

साइडकारस्वार

ओळखीतला एक साइडकारवाला परवा सांगत होता, की तो आता पेट्रोल भरतानाही हेल्मेट काढत नाही. काच खाली, कानात इअरफोन. का, तर कोणी बोलायला येऊ नये म्हणून. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

माझ्याकडे युरल आहे, साइडकार जोडलेली रशियन मोटारसायकल. ही गाडी चालवणाऱ्यांमध्ये जगभर 'युरल डिले फॅक्टर' असा शब्दच रूढ आहे. कुठेही जायचं तर घरातून लवकर निघायचं, कारण जिथे थांबाल तिथे कोणीतरी येऊन उभं राहणार. पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच, "महायुद्धातली का हो?" आणि तो प्रश्न मुळीच वेडगळ नाही. कारखाना 1941 चा, मूळ आराखडा बीएमडब्ल्यूच्या आर71 या मोटारसायकलवरून घेतलेला, आणि गाडी आजही तशीच दिसते. मग रिव्हर्स गिअर दाखवायचा. मोटारसायकल स्वतःच्या ताकदीवर मागे येते हे पाहिल्यावर मोठी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी "परत करा, परत करा" म्हणतात. कधी एखादे वयस्कर गृहस्थ काही न बोलता साइडकारच्या कडेवर हात ठेवतात, आणि लहानपणी आपण अशाच डब्यात बसून कुठे गेलो होतो ते सांगायला लागतात. ती हकीकत त्यांनी कित्येक वर्षांत कोणाला सांगितलेली नसते.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मोटारसायकलवाल्यांबद्दल लोकांच्या मनात धास्ती असते आणि ती आजची नाही. 1947 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी रायडरांच्या मेळाव्यात जी दांडगाई झाली, ती वर्तमानपत्रांनी अशी फुगवली की गुंडांची प्रतिमा आपल्याला कायमची चिकटली. 1963 मध्ये होंडाने 'होंडावर सगळ्यात भली माणसं भेटतात' अशा अर्थाची जाहिरात केली, ती याच प्रतिमेच्या विरोधात. आपल्या विचित्र गाड्या तेच काम फुकटात करतात. साइडकारला कोणी घाबरत नाही. अशा वेळी काच खाली करून बसणं म्हणजे सगळ्या रायडरांचं नुकसान करणं आहे.

उजवा आरसा

पूर्ण असहमत. मी गाडी चालवायला घेतली, प्रदर्शनाला नाही.

माझी यामाहा नायकेन आहे. पुढे दोन चाकं, मागे एक. लोकांना वाटतं तीन चाकं म्हणजे पडणारच नाही. प्रत्यक्षात ती साध्या मोटारसायकलसारखी झुकते, आणि थांबल्यावर पाय टेकला नाही तर आडवी होते, कारण पुढची चाकं लॉक करायची सोय तिच्यात नाही. पिआजिओच्या एमपी3 या तीनचाकी स्कूटरमध्ये ती आहे, म्हणून एमपी3 वाले सिग्नलला दोन्ही पाय वर ठेवून बसू शकतात. हा फरक बघणाऱ्याला कसा कळणार? मी पैसे देत होतो तेवढ्यात एकाने "ही पडत नाही ना" म्हणत हँडल धरून आपल्याकडे ओढलं. साइड स्टँडवर उभी असलेली 263 किलोची गाडी. पडली असती तर आधी त्याच्याच पायावर. त्याला ओरडून बाजूला केलं, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले, जणू उद्धटपणा मी केला.

हे थांबलेल्या गाडीचं. चालत्या गाडीचं ऐका. शेजारच्या लेनमधली मोटार वेग जुळवून घेते, काच खाली होते, हातात मोबाइल. शूटिंग सुरू. ड्रायव्हर स्वतःच करत असला तर देवच वाली. माणूस जिकडे बघतो तिकडे त्याचं स्टिअरिंग हळूहळू वळतं, हे आपल्याला शिकवलं जातं ते आपल्या वळणांसाठी, पण मोटारवाल्यालाही तोच नियम लागू आहे. त्याची मोटार माझ्याकडे सरकत असते आणि तो हसून अंगठा दाखवत असतो.

साइडकारस्वार

हँडल ओढणं चूकच, त्यात वाद नाही. पण चालत्या रस्त्याबद्दल मी उलट म्हणेन. हॅरी हर्ट या अमेरिकन संशोधकाच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, तो अहवाल 1981 चा. दोन वाहनांच्या अपघातांपैकी जवळपास दोन तृतीयांशांत समोरच्याने मोटारसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता, आणि मुख्य कारण हे की त्याला मोटारसायकल दिसलीच नाही किंवा फार उशिरा दिसली. साध्या गाडीचा एक अरुंद दिवा लांबून येताना तिच्या वेगाचा अंदाजच देत नाही. तुमची दोन चाकी नाकाड आणि माझा डबा निदान डोळ्यांत तरी भरतात. साइडकार जोडल्यापासून आडव्या रस्त्यावरून माझ्या समोर कोणी घुसणं अगदी कमी झालंय.

उजवा आरसा

दिसणं वेगळं, टक लावून बघणं वेगळं. हर्ट यांचा अहवाल पहिल्याबद्दल आहे. मला प्रत्येकाने बघावं, अर्धा सेकंद, आणि मग रस्त्याकडे बघावं.

जुनी किक

तुम्ही दोघंही अनोळखी लोकांवर अडकलात. मला त्यांचा कधीच त्रास झाला नाही. त्रास देतात ते आपलेच रायडर.

माझ्याकडे होंडाची 1979 ची सीबीएक्स आहे, सहा सिलिंडर, 1047 सीसी. साधा माणूस येतो, एकाशेजारी एक सहा पाइप मोजतो, तोंडाने "अबब" म्हणतो, विचारतो, ऐकतो, जातो. रायडर येतो तो परीक्षा घ्यायला. हा बोल्ट मूळचा नाही. सायलेन्सर बाजारातले आहेत ना? आरसे चुकीच्या वर्षाचे लावलेत. मग सहा कार्ब्युरेटर जुळवणं कसं कोणालाच जमत नाही, हे मला ऐकवतो, गाडी समोर सरळ चालू असताना.

आणि नवं काही दिसलं की नाकं मुरडायची ही जुनीच खोड. सुझुकीने 1974 मध्ये आरई5 आणली, रोटरी इंजिनची. दोष तिच्यात होते, वजन होतं, पेट्रोल पीत होती. पण बरेच जण किल्लीला हात लावण्याआधीच 'ही मोटारसायकल नाही' म्हणून मोकळे झाले. 1976 नंतर ती बंदच झाली. बीएमडब्ल्यूची छप्पर असलेली सी1 स्कूटर आठवते? सुरक्षा पिंजरा, सीटबेल्ट, काही देशांत हेल्मेटशिवाय चालवायची परवानगी. 2000 ते 2002, संपलं. रस्त्यात भेटलेल्या रायडरला हात दाखवायची आपली रीत, पण सी1 चालवणाऱ्याला बाकीचे रायडर हातही दाखवत नसत. साध्या माणसांत कुतूहल आहे, आपल्यात जातपंचायत.

मोकळा क्लच

जातपंचायत हा शब्द मला लागला, म्हणून लिहितोय. मी नाकं मुरडणाऱ्यांतला आहे असं समजा.

हात दाखवणं म्हणजे नमस्कार नाही. त्याचा अर्थ 'तू काय धोका पत्करतोस ते मला माहीत आहे' असा असतो. फ्रान्समध्ये रस्ता दिल्याबद्दल रायडर पाय बाहेर काढून आभार मानतात, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो. या खुणा तोल सांभाळणाऱ्यांच्या आहेत. त्याच फ्रान्समध्ये एमपी3 ची रुंद आवृत्ती नुसत्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते. ज्याने मोटारसायकलची चाचणी दिलीच नाही त्याला मी आपल्यातला का मानावं, हा प्रश्न मला रास्त वाटतो. तुम्हाला संकुचित वाटेल. वाटू दे.

आणि परीक्षेचं म्हणाल तर, बोल्ट बघणाराच सैल बोल्टही बघतो. एका मुक्कामी एक अनोळखी रायडर माझ्या गाडीभोवती फिरत होता. मी वैतागलेलो. त्याने खाली वाकून पुढच्या ब्रेक कॅलिपरचा बोल्ट बोटांनी फिरवून दाखवला. नुसत्या बोटांनी. "अबब" म्हणणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

लांब पल्ला

इथे सगळे पुरुष बोलतायत असं दिसतंय, म्हणून माझी बाजू.

मोटो गुझी ही इटालियन मोटारसायकल चालवते. दोन सिलिंडर टाकीच्या दोन्ही बाजूंनी कोपरांसारखे बाहेर आलेले, क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, गाडीच्या लांबीत. उभ्या गाडीला थ्रॉटल दिला की अख्खी गाडी एका बाजूला झटका देते. हे लोकांना फार आवडतं आणि मलाही दाखवायला आवडतं. तरी साइडकारस्वार म्हणतात तसं 'बोलायलाच हवं' हे मी मान्य करणार नाही, कारण माझ्याशी कोणी बोलतच नाही. मागे नवरा बसलेला असतो. प्रश्न त्याला. किती सीसी, किती वेग, झटका का देते. तो म्हणतो, "गाडी तिची आहे, तिला विचारा." मग मी उत्तर देते, आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच! एकटी असले तर "कोणाची गाडी?" किल्ली माझ्या हातात, हेल्मेट माझ्या डोक्यावर, हातमोजे अजून काढलेले नाहीत, आणि गाडी कोणाची.

यात रायडर आणि बिगर-रायडर असा काही फरक मला दिसलेला नाही. एकच गट वेगळा, लहान मुली. त्या सरळ माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी मी कितीही उशीर करून घेईन. बाकी कोणाशी बोलायचं ते माझं मी ठरवणार.

तिसरं चाक

मोकळा क्लच, तुमच्या 'तोल सांभाळणाऱ्यांच्या खुणा' या वाक्याला उत्तर देतो.

अपघातानंतर माझा डावा पाय गुडघ्यापासून खाली नाही. दोन चाकांवर थांबताना त्या बाजूला गाडी कलली तर सावरता येत नाही. म्हणून साइडकार. गिअर हाताने बदलायची सोय करून घेतली आहे. साइडकार 'सोपी' वाटते ना? झुकत नाही. वेग दिला की साइडकारकडे ओढते, ब्रेक मारला की उलट बाजूला. साइडकारच्या बाजूचं वळण जरा जोरात घेतलं की तिचं चाक हवेत. दोन चाकांवरचं सगळं विसरून पुन्हा शिकावं लागलं. तेव्हा तिसरं चाक दिसलं म्हणून 'याने काही कमावलेलं नाही' हा हिशेब चुकीचा आहे.

लोकांच्या प्रश्नांचं माझं गणित वेगळं आहे. गाडी बघून येतात तेव्हा चेहरा खुललेला असतो. मी उतरलो, चाल दिसली, की तोच चेहरा पडतो. पुढचा प्रश्न गाडीबद्दल नसतो. "काय झालं होतं?" मी गाडीवर तासभर बोलेन, आनंदाने. पायावर एक मिनिट नाही. साइडकारस्वार, तुमच्या त्या ओळखीच्याने काच का खाली ठेवली हे तुम्ही त्याला विचारलं होतं का?

साइडकारस्वार

विचारलं होतं. "कंटाळा" म्हणाला. त्यामागे आणखी काही असेल तर ते त्याचं.

लांब पल्ला आणि तिसरं चाक, तुमच्या दोघांच्या बाबतीत 'हवंच' हा शब्द मी मागे घेतो. लोकांना गाडीबद्दल बोलायचं असेल तर गाडीवाल्याशी आणि गाडीबद्दलच बोलावं, ही अट रास्त आहे. पण ज्याच्याशी लोक सरळ बोलतात, ज्याची फक्त पाच मिनिटं जाणार आहेत, त्याने ती द्यावीत या मतावर मी ठाम आहे. आणि हात लावायला निघालेल्याला 'नको' म्हणण्यापेक्षा त्याला काय बघायचं ते आपणच दाखवावं. मी मुलांना साइडकारच्या बाजूने घेतो, सायलेन्सरच्या बाजूने नाही, कारण गाडी बंद केल्यावरही तो बराच वेळ भाजण्याइतका गरम असतो.

मोकळा क्लच

तिसरं चाक, तुम्ही मोटारसायकल शिकलात, मग साइडकार नव्याने शिकलात. माझा आक्षेप काहीच न शिकणाऱ्यांबद्दल होता आणि तो कायम आहे. मात्र लांबून येणाऱ्या गाडीकडे बघून मला हा फरक करता येत नाही, हे खरं. तेव्हा हात दाखवीन.

उजवा आरसा

सगळं थांबलेल्या गाडीभोवतीच फिरतंय. शूटिंगवाल्यांचं काय? मी वेग कमी केला की तेही करतात. वाढवावा तर तेही वाढवतात, आणि शर्यत लागल्यासारखं होतं.

जुनी किक

हात दाखवू नका, अंगठा नको, मान हलवणंही नको. प्रतिसाद मिळाला की ते आणखी जवळ येतात. आरसा बघून त्यांच्या मागे जा आणि लेन बदलून मध्ये एखादं मोठं वाहन येऊ द्या. ट्रक सगळ्यात बरा, त्याच्या आडून कॅमेऱ्यात काही येत नाही. फक्त ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल इतकं अंतर ठेवा, नाहीतर त्यालाही तुम्ही दिसणार नाही.